आशेला तारीख नको, वेळ हवी

लालबर्ऱ्यात परीक्षेच्या तयारीसाठी मुलं खोल्या भाड्याने घेतात. वारासिवनीत आणि बालाघाटला अशा खोल्या आणखी जास्त. दहा बाय दहाची जागा, एक खाट, एक शेगडी, खिळ्याला टांगलेली पिशवी, आणि झोपल्यावर डोळ्यांसमोर येईल असा भिंतीवर चिकटवलेला एक कागद. घरी पोवारी किंवा मराठी बोलणारी ही मुलं शाळा हिंदीत शिकलेली असतात. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ निघून गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे कागदावरची अक्षरंही बहुधा हिंदीतच असतात. या वर्षी निवड पक्की. मी पटवारी होणारच. वर्दी माझीच.

कुणाचा फॉर्म भरायला, कुणाचं गणित बघायला मी अशा खोल्यांत पुष्कळ वर्षं जातो आहे. ज्यांना नोकरी लागली त्यांच्या भिंतीवर तो कागद होता. चार वर्षं परीक्षा देऊन शेवटी हैदराबादला कामाला गेलेल्यांच्या भिंतीवरही तो होता, तेवढ्याच ठळक अक्षरांत. म्हणून एखादा मुलगा मला विचारतो, "सर, पॉझिटिव्ह विचारानं खरंच काही होते का जी?" तेव्हा मी हसून टाळत नाही. प्रश्न खरा आहे, आणि विचारणाऱ्याचं वय जात असतं.

होतं. विचाराने माणसाचं आयुष्य घडू शकतं, हे मी पाहिलेलं आहे. पण ज्या रीतीने आपण तो विचार करतो, त्या रीतीने बहुतेकदा तो वाया जातो. रीत बदलता येते. हा लेख त्यासाठीच आहे.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला एक प्रयोग इथल्या मुलांना मी नेहमी सांगतो. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांचे त्यांनी गट पाडले. एका गटाने रोज काही मिनिटं डोळे मिटून बघायचं की निकाल लागला आहे, आपल्याला उत्तम गुण पडले आहेत, छाती भरून आली आहे. दुसऱ्या गटाने बघायचं की आपण टेबलाशी बसलो आहोत, पुस्तक उघडलं आहे, टीव्ही बंद केला आहे, मित्राला नाही म्हटलं आहे, धडा वाचतो आहोत. दोन्ही गट चांगलंच चित्र बघत होते. पण अभ्यासाला आधी लागले आणि जास्त तास बसले ते दुसऱ्या गटातले, आणि गुणही त्यांनाच जास्त पडले. निकालाचं स्वप्न बघणाऱ्यांना त्या स्वप्नाचा काही फायदा झाला नाही.

गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हीच गोष्ट वजन कमी करू बघणाऱ्या स्त्रियांमध्ये तपासली. ते काम १९९१ चं. आपलं वजन उतरेल असा ज्यांना अंदाज होता, त्यांचं वजन जास्त उतरलं. पण बारीक झालेल्या आपल्या रूपाची गोड गोड चित्रं ज्या रंगवत होत्या, त्यांचं कमी उतरलं. अंदाज आणि स्वप्न या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. अंदाज मागच्या अनुभवावर उभा असतो. स्वप्नाला कशावरच उभं राहावं लागत नाही, आणि ते रंगवताना मनाला वाटतं की काम झालंच. सणाच्या आधीच फराळ खाऊन घेतल्यासारखं होतं. मग सणाच्या दिवशी भूक कुठून येणार?

तर पहिलं काम भिंतीवरचा कागद बदलण्याचं. फाडू नका, बाजूला ठेवा. नव्या कागदावर निकाल लिहू नका, काम लिहा, आणि कामाची वेळ लिहा. पीटर गोलविट्झर हे ओटिंगेनबाईंचे यजमान. त्यांनी या लिहिण्याच्या पद्धतीवरच आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: ‘मी रोज अभ्यास करीन’ हे वाक्य मनाला पकडता येत नाही. ‘रात्रीचं जेवण झालं, ताट धुऊन ठेवलं, की मी खाटेवर न बसता चटईवर बसून गणिताची वही उघडीन’ हे पकडता येतं. त्यांनी नाताळच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना एक टिपण लिहून पाठवायला सांगितलं होतं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त जणांनी ते पाठवलं. नुसतं लिहिण्याचं मनात धरलेल्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास मुलांनीच पाठवलं. फरक इच्छेचा नव्हता, कारण इच्छा दोघांचीही होती.

आणि कागदावर अडथळाही लिहा. आपल्या घरांत याला लोक दचकतात. ‘अशुभ कशाला बोलतोस?’ असं आई म्हणते. पण अडथळ्याचं नाव घेतल्याने तो येत नाही, तो येणारच असतो. ओटिंगेनबाईंचा सगळा भर यावर आहे की चांगलं चित्र बघून झालं की लगेच विचारा, माझ्यातलं काय मला अडवतं? ‘माझ्यातलं’ हा शब्द महत्त्वाचा. सरकार, पाऊस, क्लासवाले यांच्याकडे आपण नंतर येऊ. लालबर्ऱ्यातल्या खोलीत अडवणाऱ्या गोष्टी मी मोजल्या तर त्या फार नाहीत. मोबाईल. लाईट जाणं आणि त्याबरोबर उठून बाहेर चौकात जाणं. घरून फोन येणं, की मजूर मिळत नाही, दोन दिवस ये. एखाद्या विषयाची भीती, जिच्यामुळे सोपा विषय पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि अभ्यास केल्याचं समाधान मिळतं. ही शेवटची सर्वात घातक, कारण ती मेहनतीसारखी दिसते.

प्रत्येकासमोर एक ‘तर’ लिहा. लाईट गेली तर टॉर्चच्या उजेडात वहीच्या मागच्या पानावरचे पाढे आणि सूत्रं. मोबाईल हातात आला तर तो शेजारच्या खोलीत ठेवून यायचा, बंद करून उशाशी नाही. घरून बोलावणं आलं तर जायचं, पण जाताना एकच पुस्तक पिशवीत घालायचं आणि बांधीवरून आल्यावर अर्धा तास तेच वाचायचं. ‘तर’ इतका छोटा असावा की दमलेल्या माणसाला तो जमावा. मी याला शिस्त म्हणतो. पहाटे चारला उठणं म्हणजेच शिस्त, असं कुणी मुलांच्या मनात भरवलं आहे कोण जाणे. चारला उठून सातला डुलक्या घेणारी मुलं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. आपण धानाच्या मुलुखातली माणसं. विचार आणि मेहनत यांचं नातं समजायला आपल्याला अमेरिकेपेक्षा वैनगंगेचं खोरं जवळचं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं एक गाव आहे. मराठवाड्यातलं ते नांदेड वेगळं. या गावात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली त्यांच्या पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग वेगळा होता.

कापणीच्या दिवसांत बांधीत उभं राहिलेला माणूस काय बघतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पेंढ्या किती होतील, मजुरी किती जाईल, पाऊस तर येत नाही ना. हजारो लोंब्यांत तीन वेगळ्या दिसणं आणि त्या बाकीच्या धानात न मिसळू देणं, हे त्या धावपळीत करायचं काम. दादाजींनी त्या जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या. आलेल्या पिकातून हव्या तशाच लोंब्या पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. धान हे बहुतेक स्वतःच्याच परागावर फळणारं पीक आहे. त्यामुळे एका झाडाचे गुण त्याच्या दाण्यात पुष्कळसे टिकतात, आणि दरवर्षी निवडत गेलं की काही हंगामांत वाण स्थिर होतो. ही गोष्ट कृषी विद्यापीठात शिकवतात. दादाजी ती बांधीत शिकले. यात घाई करायला वावच नाही. वर्षाला एकच पीक, म्हणजे वर्षाला एकच उत्तर.

१९९० च्या सुमारास हे बियाणं गावाबाहेर गेलं, आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी घेतलं, बाजारात आलं. दाणा बारीक, भात चवीला चांगला. त्याला नाव नव्हतं. त्या काळात मनगटावर एचएमटीचं घड्याळ म्हणजे मोठी शान होती, व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिलं. आज विदर्भात, आपल्या बालाघाटात, छत्तीसगडात कुणालाही विचारा, एचएमटी तांदूळ माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. नंतर दादाजींनी आणखीही वाण काढले. त्यांतल्या एकाचं नाव नांदेड चिनूर. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानतर्फे सन्मान झाला. २०१० साली फोर्ब्स मासिकाने ग्रामीण भारतातल्या उद्यमी माणसांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं.

दादाजी मनात रोज काय म्हणत होते, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या हातांनी काय केलं ते मात्र दिसतं. ‘मी मोठा वाण काढणार’ अशी पाटी त्यांनी बांधीवर लावली नव्हती. त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. या तीन लोंब्यांत काहीतरी आहे, हा विश्वास. आणि त्या विश्वासाला दर पावसाळ्यात तपासून बघायची तयारी. विश्वास खोटा निघाला असता तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळलं असतं, आणि नुकसान वाफ्याएवढं झालं असतं. शिस्तबद्ध सकारात्मक विचार कशाला म्हणायचं, असं मला कुणी विचारलं तर मी हा वाफा दाखवीन. लहान जागा, खरं बियाणं, दरवर्षीची निवड.

तुमच्या आयुष्यात असा वाफा कोणता? परीक्षेची तयारी असेल तर एक विषय घ्या आणि दर रविवारी त्याची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. किती आले ते लिहा. दुकान टाकायचं मनात असेल तर कर्ज काढण्याआधी बाजाराच्या दिवशी महिनाभर पाल टाकून बसून बघा. दुधाचा धंदा करायचा असेल तर आधी एक म्हैस. मोठं स्वप्न लहान जागेत पेरून बघण्यात लाज नाही. उलट, जो विचार तपासून बघायची भीती वाटते, तो कितीही उजळ दिसला तरी त्याच्यावर पैसा आणि वर्षं लावू नका.

दादाजींची गोष्ट मी इथेच थांबवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. एचएमटी लाखो ताटांत गेला, दादाजींच्या घरी श्रीमंती आली नाही. त्यांची शेवटची वर्षं आजारात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. ३ जून २०१८ ला ते वारले. वाण काढणं त्यांच्या हातात होतं. त्या वाणाची किंमत त्यांना मिळणं हे कायद्याच्या, बाजाराच्या, संस्थांच्या हातात होतं. शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येईल असा कायदा देशात २००१ साली झाला. एचएमटी त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच लोकांच्या बांध्यांत गेला होता. ज्याने चांगला विचार केला आणि मेहनत केली त्याला सगळं मिळतंच, असं मुलांना सांगणारे व्याख्याते मला आवडत नाहीत. कारण ते वाक्य उलटं फिरतं. ज्याला मिळालं नाही त्याच्या विचारातच खोट होती, असा त्याचा अर्थ होतो. कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या मुलाला हे ऐकवणं हा अन्याय आहे.

म्हणून कागदावर काम आणि अडथळा यांच्या शेजारी तिसरा रकाना करा: माझ्या हातात नसलेलं. जागा किती निघणार. परीक्षा कधी होणार, निकाल कधी लागणार. पाऊस. धानाचा भाव. या रकान्यासाठी विचाराची निराळी रीत लागते, आणि ती आपल्या मराठी मुलुखात उत्तम शिकवली गेली आहे.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली एक उपचारपद्धती सुरू केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती भारतात रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सामान्य घरांपर्यंत पोचवली. तिचा गाभा एका शब्दाच्या फरकात आहे. ‘मला ही नोकरी हवी आहे’ आणि ‘मला ही नोकरी मिळालीच पाहिजे’. पहिल्या वाक्यातला माणूस नापास झाला तर दुःखी होतो, चार दिवस जेवण जात नाही, पाचव्या दिवशी काय चुकलं ते बघायला प्रश्नपत्रिका काढतो. दुसऱ्या वाक्यातला माणूस नापास झाला तर त्याचं स्वतःचंच दिवाळं निघतं, कारण त्याने नोकरीबरोबर आपली किंमतही पणाला लावलेली असते. ‘च’ हा एका अक्षराचा शब्द किती माणसं खातो! भिंतीवरच्या ‘होणारच’ मधला तो ‘च’ आधी खोडा. इच्छा कमी करायला मी सांगत नाही. इच्छा जेवढी मोठी ठेवायची तेवढी ठेवा, फक्त तिचा हुकूम होऊ देऊ नका.

हाच धडा फार कठीण जागी एका सैनिकाने घेतला. जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकन नौदलाचा वैमानिक १९६५ साली व्हिएतनाममध्ये पकडला गेला आणि सात वर्षांहून जास्त काळ हनोईच्या तुरुंगात राहिला, १९७३ साली सुटला. तिथे कोण टिकले नाहीत, असं त्याला पुढे जिम कॉलिन्स या लेखकाने विचारलं. त्याने आशावाद्यांचं नाव घेतलं. ते म्हणत, नाताळपर्यंत सुटू. नाताळ जाई. मग म्हणत, ईस्टरपर्यंत सुटू. तोही जाई. पुन्हा नाताळ. शेवटी ते खचून गेले. स्टॉकडेल स्वतः सुटण्याची आशा कधीच सोडत नव्हता, पण तिला तारीख देत नव्हता, आणि आज समोर काय वाढून ठेवलं आहे ते डोळे उघडे ठेवून बघत होता.

आपल्याकडची मुलं हेच करतात. दिवाळीपर्यंत निकाल लागेल. होळीपर्यंत नियुक्ती होईल. पुढच्या रोवणीला मी घरी वर्दीत येईन. भरती पुढे ढकलली जाते, प्रकरण न्यायालयात जातं, आणि पोरगा दिवाळीला घरीच येत नाही, लोक विचारतील म्हणून. आशेला तारीख देऊ नका. तिला वेळ द्या, रात्री साडेआठची.

पण एक हद्द मात्र आधी ठरवा. ही गोष्ट वेगळी आहे, गोंधळ करू नका. निकालाची तारीख तुमच्या हातात नाही. किती प्रयत्न करायचे हे तुमच्या हातात आहे. धानाचे पऱ्हे टाकल्यावर तीन आठवड्यांत, साडेतीन आठवड्यांत रोवणीला यावेत. पाऊस लांबला आणि पऱ्हे महिन्याच्या वर गेले तर त्यांना फुटवे कमी फुटतात, उतारा पडतो. शहाणा शेतकरी पाऊस येईलच म्हणून पऱ्हे म्हातारे होऊ देत नाही. तो दुसरे टाकतो, कमी दिवसांचा वाण घेतो, नाहीतर त्या बांधीत दुसरं काही करतो. तयारीला बसण्याआधीच वडिलांजवळ बसून ठरवा: इतके प्रयत्न, त्यानंतर हे दुसरं काम. आणि ते दुसरं काम आजच थोडं शिकायला लागा. हे बोलणं घरात फार कमी होतं. मुलगा म्हणतो, बाबांना वाईट वाटेल. बाबा म्हणतात, पोराचा हुरूप जाईल. दोघं गप्प राहतात आणि वर्षं जातात.

मुलींच्या बाबतीत तर हे बोलणं आधी व्हायला हवं. पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुली मी पहाटे रस्त्याच्या कडेने बघतो. त्यांच्या मनात भीती नाही असं नाही. अंधार, कुत्री, टोमणे, आणि घरी आलेलं स्थळ. अशा मुलीला ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढंच सांगून भागणार नाही. तिच्याबरोबर धावणारी दुसरी मुलगी शोधून द्या. वडिलांनी सायकलवर मागून चार दिवस जावं. आईने पाहुण्यांना सांगावं की परीक्षेपर्यंत विषय नको. घरातल्या माणसांनी असं अंग लावलं तर त्या मुलीचा विचार आपोआप उजळतो. विचाराला हवापाणी लागतं, आणि ते देणं हे घरच्यांचं काम आहे.

आता ज्यांचं मन आधीच खाली गेलं आहे, त्यांच्यासाठी थोडं. मी पुष्कळांना सांगताना ऐकतो: आरशासमोर उभं राहून म्हण, मी सर्वोत्तम आहे, मी प्रेमाला पात्र आहे. २००९ साली कॅनडातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून बघितलं. स्वतःबद्दल आधीच बरं मत असलेल्यांना अशा वाक्यांनी किंचित बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत खाली होतं, त्यांना ती वाक्यं म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच ते औषध बाधलं. कारण समजण्यासारखं आहे. मन खोटं पकडतं. तोंड म्हणतं, मी हुशार आहे, आणि आतून कुणीतरी मागच्या तीन निकालांची यादी वाचतं.

अशा वेळी खरं असेल तेवढंच म्हणा. वहीच्या एका पानावर रोज एक ओळ लिहा, आज मी काय केलं त्याची. ‘टक्केवारीची बारा उदाहरणं केली, आठ बरोबर.’ ‘अभ्यास झाला नाही, आजीला दवाखान्यात नेलं.’ ही दुसरी ओळही लिहायची. ती अपयशाची ओळ नाही, ती दिवसाची ओळ आहे. महिन्याने मागे वळून बघाल तेव्हा आठाचे दहा झालेले दिसतील, आणि आतल्या त्या यादी वाचणाऱ्याला दाखवायला तुमच्याकडे लेखी पुरावा असेल. पुराव्यावर उभा राहिलेला विश्वास वाऱ्याने पडत नाही.

आणि मन दोन आठवडे सतत काळवंडलेलं असेल, झोप उडाली असेल, कशातच जीव लागत नसेल, जगणं नको असं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे विचाराची शिस्त लावू नका, डॉक्टरची वेळ घ्या. २०२२ साली केंद्र सरकारने टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, हिंदीत बोला की मराठीत. ताप आला तर गोळी घेतो, तसंच हे. शेजारी-पाजारी काय म्हणतील, हा प्रश्न त्या दिवशी मनात आणू नका. आणि मित्राचं असं काही दिसलं तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या खोलीवर जाऊन बसा, क्रमांक लावून फोन त्याच्या हातात द्या.

आता शेवटी धीराविषयी. आपल्या भागाचा चिन्नोर तांदूळ तुम्हाला ठाऊक आहे. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावागावात आनंद झाला. पण चिन्नोर लावणारा काय सहन करतो तेही ठाऊक आहे. ताट उंच, वाऱ्याने लोळतं. उतारा कमी. बाकीच्यांची बांधी कापून मोकळी झाली, त्यांच्या घरी पैसा आला, तरी चिन्नोरची लोंबी अजून भरते आहे. म्हणूनच मधल्या काळात कितीतरी जणांनी तो सोडला होता, आणि त्यांना मी दोष देत नाही, घर चालवायचं होतं. जे राहिले ते वासावर विसंबून राहिले नाहीत. थोड्या बांधीत चिन्नोर, बाकीच्यांत लवकर येणारं धान, असा त्यांचा हिशेब होता. बरोबरच्या मुलाला आधी नोकरी लागली म्हणून ज्याच्या छातीत कळ उठते, त्याने हा हिशेब आपल्या माणसांकडून नीट विचारून घ्यावा. कोणत्या बांधीत काय लावलं, किती दिवस काय खाल्लं, धीर कुणाच्या जोरावर धरला. अशी विचारपूस तासभराची असते, आणि ती पुस्तकांत मिळत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी एका खोलीत गेलो होतो. पोरगा घरी गेला होता, रोवणी चालू होती. मालकिणीने दार उघडून दिलं. भिंतीवरचा जुना कागद काढलेला होता, चिकटपट्टीचे डाग राहिले होते. त्याच्या जागी वहीचं पान होतं. वर लिहिलं होतं, ८:३० गणित, चटईवर. त्याखाली, लाईट गेली तर पाढे. खाली पेन्सिलने दिवसांच्या खुणा. अकरा दिवस खूण, मग एक दिवस कोरा, मग सहा दिवस खूण, मग कोरे दिवस, घरी गेल्याचे. टेबलावर भूगोलाचं पुस्तक होतं, इतिहासाचं होतं. गणिताचं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "ते तो पिशवीत घेऊन गेला जी."